नावं ठेवायची रीत

जनार्दन हर्डीकरांनी उभ्या आयुष्यात दुकानदारानं सांगितलेल्या किमतीला एक वस्तू घेतली नव्हती. चिंचवडच्या एका कारखान्यात ते परचेसला होते. बोल्टपासून बॉयलरपर्यंत सगळं त्यांच्या टेबलावरून गेलं आणि समोर बसलेल्या प्रत्येक व्हेंडरला त्यांनी घाम फोडला. घरी आल्यावर तरी माणसानं थोडं सैल सुटावं, पण ते नाव नाही. मिक्सर असो, गादी असो, नाहीतर मुलाच्या मुंजीचा आचारी असो, भाव पाडल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागायचं नाही.

रीत सोपी होती. जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचं नाही. बघावंच लागलं तर नाक मुरडून बघायचं आणि तिला नावं ठेवायला लागायचं. साडीच्या दुकानात मंदाकिनीबाई पदर बोटांत धरून गप्प बसत आणि जनार्दन म्हणत, "रंग जाणार बघ हा. चल, ऊठ." त्या उठत, दारापर्यंत जात आणि तिथं एकदा मागे वळून बघत. ते वळून बघणं हुकमी होतं. चेहरा असा करायच्या की दगडालाही दया यावी. दुकानदार हाक मारायचाच. रिक्षात बसल्यावर दोघं पोट धरधरून हसायची आणि मध्ये बसलेला हरीश एकदा आईकडे, एकदा बाबांकडे बघत राहायचा.

त्या मंदाकिनीबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून चिंचवडच्या घरात जनार्दन एकटेच होते. २०१७ च्या फेब्रुवारीत हरीशनं तिकीट पाठवलं आणि ते ऑकलंडला त्याच्याकडे राहायला आले. तीन महिने झाले, आता परतीचे दिवस आले होते. हिल्सबरोच्या उतारावरचं दोन खोल्यांचं ते घर इतकं व्यवस्थित होतं की त्यात बापाला करायला काही उरलं नव्हतं. भांडी मशीन धुवायचं, गवत कापायला महिन्यातून एकदा माणूस यायचा, आणि भाजी आणायला जावं तर तिथं किमतीच्या पाट्या. पाटीशी काय घासाघीस करणार? कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे तिथल्या वाणसामानाच्या छोट्या दुकानात, त्यांनी एकदा दुधाच्या बाटलीवर वीस सेंट कमी करायला सांगितले होते. दुकानदार गुजराती होता, म्हणून हसला तरी.

हरीश चौतीस वर्षांचा होता. पेनरोजच्या एका मोठ्या डेपोत शिफ्ट मॅनेजर. पहाटे जायचा, दुपारी यायचा, बाबांना काय हवं नको ते विचारायचा. एकुलता एक मुलगा आणि विधुर बाप, दोघंही सभ्य. त्यामुळे घरात फारसं बोलणं होत नसे. जाण्याआधी एकदा तरी या पोराच्या उपयोगी पडावं, एवढंच जनार्दनांच्या मनात होतं, आणि पडावं कसं ते काही सुचत नव्हतं.

म्हणून एका संध्याकाळी हरीश चहाचा कप घेऊन समोर बसला आणि म्हणाला, "बाबा, शनिवारी माझ्याबरोबर येता का? मला गाडी घ्यायचीये. नवीन. भाव तुम्ही करा," तेव्हा जनार्दनांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तोंडानं मात्र ते म्हणाले, "आहे ती काय वाईट आहे?"

"आहे ती जुनी झाली. आणि ही वेगळी आहे. स्पोर्ट्स कार. वर्षभर बघतोय मी."

"किती सीटा?"

"दोन."

"दोन? मग भाजीची पिशवी कुठं ठेवणार?"

हरीश हसला. खूप दिवसांनी हसला. "हेच हवंय, बाबा. हेच तिकडे बोला."

शनिवारी जनार्दनांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि खिशाला पेन लावलं. पेनरोजला डेपो आणि गोदामांच्या ओळी संपतात तिथं रस्त्याच्या कडेला ते शोरूम होतं. सगळं काचेचं. आत गेल्या गेल्या एक तिशीतली बाई लगबगीनं पुढे आली. केस मागे घट्ट बांधलेले, कानांत हिरव्या दगडाचे डूल. "किया ओरा, हरीश!" तिनं माओरी नमस्कार केला, मग जनार्दनांकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही त्याचे बाबा. मी अनाहेरा." तिनं त्यांचा हात चांगला दाबून हलवला. दुकानदाराला गिऱ्हाइकाचं नाव माहीत आहे, हे जनार्दनांना पहिल्यापासूनच आवडलं नाही. पोरानं सारखं इथं येऊन आपली हौस उघडी केलेली दिसत होती.

गाडी गडद निळी होती. बुटकी, जमिनीला टेकलेली, छप्पर कापडाचं आणि मागे दुमडणारं. हरीश तिच्याजवळ गेला आणि दारावर नुसता हात ठेवून उभा राहिला. जनार्दनांनी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. अरे, बघू नकोस! पण त्याचा तो हात त्यांनी पाहिला आणि आतून त्यांचं मनही हललं. पोराला ही गाडी मिळालीच पाहिजे, आणि रास्त भावात मिळाली पाहिजे, असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं. मग चेहरा आंबट करून ते टेबलाशी बसले.

अनाहेरानं किंमत सांगितली. त्रेचाळीस हजार, रजिस्ट्रेशनसकट सगळं धरून.

"फार होतात," जनार्दन म्हणाले. त्यांचं इंग्रजी कारखान्याचं होतं, सावकाश आणि नेमकं. "ही बसायला किती खाली आहे! माझ्यासारख्या माणसानं हिच्यात शिरायचं कसं आणि निघायचं कसं?"

"अवघडच आहे," अनाहेरा म्हणाली. "माझी आई तर आत बसली की बाहेर काढायला दोघं लागतात."

"डिकी बघा. कांदे-बटाटेसुद्धा मावणार नाहीत."

"नाही मावणार. फारच लहान आहे डिकी."

"आणि तुमच्या गावात रोज पाऊस. कापडाचं छप्पर घेऊन काय करायचं?"

"खरंय तुमचं. वर्षातले कितीतरी दिवस ते उघडता येत नाही."

जनार्दन थबकले. तीस वर्षं परचेसला काढली, पण असा विकणारा त्यांनी पाहिला नव्हता. नावं ठेवली की समोरच्यानं वस्तूची बाजू घ्यायची, मग आपण ती मोडून काढायची, असा हा व्यवहार. ही बाई तर सगळं कबूल करत होती आणि किंमत होती तिथंच होती. "हिचे दोष आहेतच," ती म्हणाली, "पण ज्याला ही हवी असते त्याला हीच हवी असते. म्हणून कमी करायला मला फार जागा नाही. मॅट्स देते आणि पेट्रोलची टाकी भरून देते."

"बाबा, ठीक आहे," हरीश मराठीत हळूच म्हणाला. "इकडे एवढंच चालतं."

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण मुलासमोर हात हलवत उठायचं, तेही ज्या कामाला त्यानं मुद्दाम बोलावलं त्या कामात, हे जनार्दनांना सोसणारं नव्हतं. गाडीला नावं ठेवून भागत नाही, मग आता काय? आणि त्यांना सुचलं. वस्तूत खोट सापडत नसेल तर गिऱ्हाइकात दाखवावी.

खुर्ची पुढे ओढून ते म्हणाले, "मॅडम, मी तुम्हाला स्पष्टच सांगतो. माझा या खरेदीला विरोध आहे. गाडीमुळे नाही. याच्यामुळे." आणि त्यांनी अंगठ्यानं शेजारी बसलेल्या हरीशकडे खूण केली. "हा काही शेवटाला नेत नाही. इंजिनिअरिंगला घातला, तिसऱ्या वर्षाला सोडून दिलं. इथं शिकायला म्हणून आला आणि ओटाहुहूच्या एका दुकानात ब्रेड विकत उभा राहिला. नोकऱ्या किती बदलल्या, त्यालाच आठवत नसेल. लग्न केलं, चांगल्या घरची मुलगी, स्वरदा. ते तीन वर्षं टिकलं नाही. ही गाडी किती टिकेल? सहा महिन्यांत हा कंटाळेल आणि निम्म्या किमतीत तुमच्याच दारात आणून उभी करील. ते नुकसान आमचंच. मग आम्ही पूर्ण पैसे का मोजावेत?"

मुद्दा चोख होता. स्वतःवरच खूश होऊन त्यांनी हरीशकडे तिरपा कटाक्ष टाकला. हरीशचा चेहरा उतरला होता. मान खाली, ओठ घट्ट मिटलेले, नजर टेबलाच्या कडेवर. वा! जनार्दनांना वाटलं, अगदी आईसारखं करतोय. दारातून मागे वळून बघताना ती अशीच दिसायची. पोरानं खेळ बरोबर उचलला, या आनंदात त्यांनी आणखी दोन वाक्यं घातली. आईबापांनी आशा ठेवली आणि हा नुसता वय वाढवत गेला, अशा अर्थाची.

अनाहेरानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग हरीशकडे. मग "एक मिनिट," म्हणून उठली आणि मागच्या काचेच्या केबिनमध्ये गेली. आत कुणाशी तरी बराच वेळ बोलत होती. परत आली तेव्हा तिचं हसू गेलेलं होतं. "बाराशे डॉलर कमी करते," ती म्हणाली. बोलली जनार्दनांशी नाही, हरीशशी.

हरीशनं सही केली. गाडी पुढच्या शनिवारी न्यायची ठरली.

परतताना जुन्या गाडीत जनार्दनांच्या तोंडाला खळ नव्हता. बाई कशी पहिल्यांदा ताठ होती, केबिनमध्ये कशी पळाली, बाराशे डॉलर म्हणजे रुपयात किती होतात. "तू चेहरा छान केलास पण," ते म्हणाले. "आईची आठवण आली मला."

हरीश सिग्नलला थांबला. समोर बघत म्हणाला, "मी चेहरा केला नव्हता, बाबा."

"म्हणजे?"

"ते सगळं बोलताना तुम्ही एकदाही अडखळला नाहीत. एक गोष्ट आठवावी लागली नाही. पाठ होतं तुम्हाला."

"अरे, तो भाव करायचा होता! खेळ होता. आई आणि मी नाही का करायचो?"

"तुम्ही साडीला नावं ठेवायचात. मिक्सरला ठेवायचात. दुकानदारासमोर आईला कधी नावं ठेवलेली मला आठवत नाहीत."

सिग्नल हिरवा झाला. हरीशनं गाडी पुढे काढली.

मग आठवडाभर हरीश त्यांच्याशी अतिशय चांगला वागला. तेच तर वाईट होतं. "बाबा, चहा करू?" "बाबा, बाहेर गार आहे, जर्सी घाला." आवाजात राग नाही, रुसवा नाही. पाहुण्याशी बोलतात तसं. बापानं आरडाओरडा सोसला असता, हे सोसवेना. एका सकाळी त्यांनी मुद्दाम लवकर उठून पोहे केले. हरीशनं पहिला घास घेतला आणि म्हणाला, "छान झालेत, बाबा." किती सहज म्हणाला! त्याला हे येतं. शेजारच्या म्हाताऱ्यानं झाडाचे फेइजोआ, ते हिरव्या पेरूसारखं फळ, आणून दिले तर "थँक्स हीप्स, जिम, मस्त आहेत," असं तो कुंपणावरून ओरडून सांगतो. आपल्याला काय धाड भरली होती?

जनार्दन हे स्वतःशी बोलत हिल्सबरोच्या उतारावरून खाली जात आणि धापा टाकत वर येत. चिंचवडला बागेतल्या बाकावर त्यांनी हरीशचं कौतुक करून करून लोकांना वात आणला होता. बाकावरचे गुरुनाथ काणे तर त्यांना पाहिलं की वाट बदलायचे, इतका तो न्यूझीलंडचा हरीश त्या बाकावर बसून असायचा. डेपोत याच्या हाताखाली किती माणसं, यानं शून्यातून कसं उभं केलं, आई आजारी पडली तेव्हा कसा धावत आला. सगळ्या जगाला सांगून झालं. एकट्या हरीशला नाही. मुलाचं कौतुक त्याच्या तोंडावर करायचं नसतं, पोर चढून बसतं, दृष्ट लागते, असं त्यांच्या वडिलांच्या घरात होतं. त्यांच्या वडिलांनीही त्यांच्या पाठीवर कधी हात ठेवला नव्हता, आणि ते दुःख ते स्वतः विसरून गेले होते. म्हणजे विसरलो असं त्यांना वाटत होतं.

शनिवार आला. "तुम्ही दमाल, राहू दे," हरीश म्हणाला. "येतो," जनार्दन म्हणाले, आणि बूट घालून दाराशी जाऊन उभे राहिले.

शोरूममध्ये एक मेकॅनिक हरीशला गाडीकडे घेऊन गेला, छप्पर कसं उघडायचं, काय काय बटणं आहेत ते दाखवायला. काचेपलीकडच्या अंगणात दोघं गाडीभोवती फिरत होते. टेबलाशी अनाहेरा कागद लावत बसली होती. जनार्दन तिच्यासमोर बसले. घरून निघतानाच त्यांनी ठरवलं होतं. जिच्यासमोर बोललो तिच्यासमोर ते परत घ्यायचं. तिथून सुरुवात करणं सोपं जाईल, असं त्यांना वाटलं होतं.

"मॅडम, त्या दिवशी मी माझ्या मुलाबद्दल जे बोललो, ते किंमत कमी व्हावी म्हणून. आमच्याकडे अशी पद्धत आहे. तो तसा नाही."

अनाहेरानं पेन खाली ठेवलं. "किंमत त्यामुळे कमी झाली नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पाचशे तर आम्ही विचारेल त्याला कमी करतो. मॅनेजर त्याहून जास्त सोडायला तयार नव्हता. वरचे सातशे माझ्या कमिशनमधले आहेत."

"का?"

हे बोलावं की नाही, असा विचार तिच्या चेहऱ्यावर दिसला. मग बोलली. "हरीश वर्षभर इथं येतोय. कधी कुणाला बरोबर आणलं नाही. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला, शनिवारी बाबांना घेऊन येतो म्हणून. म्हणाला, जपून राहा, माझ्या बाबांसमोर भल्याभल्यांचं चालत नाही, अख्ख्या पुण्यात त्यांच्यासारखा माणूस नाही. इतका खूश होता! मीही वाट बघत होते तुमची. आणि तुम्ही इथं बसून त्याचं ते सगळं काढलंत, माझ्यासमोर, परक्या बाईसमोर. तो एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, या माणसाला आज कुणीतरी काहीतरी चांगलं द्यायला हवं. माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं."

जनार्दनांचे कान तापले. मग त्यांनी खिशातून पाकीट काढलं. "ते सातशे मी देतो," ते म्हणाले. "आत्ता एवढे नाहीत, पण सोमवारी आणून देतो. तुम्ही पूर्ण किंमत लावा."

"नको."

"मग निम्मे तरी घ्या. साडेतीनशे."

"नाही."

"काहीतरी घ्या हो!" ते जवळजवळ ओरडले. किंमत वाढवून मागायची घासाघीस त्यांनी कधी केली नव्हती, आणि ती त्यांना जमतही नव्हती.

"तुमच्याकडून कसे घेऊ?" अनाहेरा शांतपणे म्हणाली. आवाजात आता राग नव्हता. "मी ते तुम्हाला दिलेले नाहीत. त्याला काही द्यायचं असेल तर तो बाहेर उभा आहे."

जनार्दन उठले. अंगणात आले तेव्हा मेकॅनिक "स्वीट अ‍ॅज, मेट, एन्जॉय," म्हणत हरीशच्या खांद्यावर थाप मारून आत चालला होता. छप्पर उघडलेलं होतं. हरीश ड्रायव्हरच्या जागी बसून आरसा नीट करत होता. बापाला पाहून तो उतरला, वळसा घालून आला आणि त्यानं दार उघडून हात पुढे केला. खाली बसताना जनार्दनांचे गुडघे कुरकुरले. हरीशनं त्यांचा पट्टा लावला, परत जाऊन बसला आणि गाडी सुरू करायला बटणाकडे हात नेला.

"थांब," जनार्दन म्हणाले. "मला बोलायचंय."

"घरी बोलू या ना, बाबा."

"घरी माझ्यानं होणार नाही." त्यांनी समोरच्या काचेवर नजर ठेवली, कारण मुलाकडे बघून हे बोलायची त्यांना सवय नव्हती. "इंजिनिअरिंग तुला नकोच होतं. मी घातलं तुला. तू सोडलंस, त्या दिवशी मी तुझ्याशी बोललो नाही, पण मनात म्हटलं, पोरात हिंमत आहे, माझ्यात नव्हती. त्या दुकानात तू उभा राहिलास, एकटा, कुणी ओळखीचं नाही, आणि घरी एक पैसा मागितला नाहीस. स्वरदा सोडून गेली तेव्हा तू तिच्याबद्दल एक वाईट शब्द काढला नाहीस. आणि आई आजारी होती तेव्हा..." त्यांनी छातीवरचा पट्टा ओढून सैल केला. "दवाखान्यात रात्रंदिवस तू जमिनीवर सतरंजी टाकून राहिलास. तू नसतास तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. हरीश, मला तुझं फार कौतुक आहे रे. आज नाही, पहिल्यापासून आहे."

हरीशनं बटणाजवळचा हात मागे घेतला. रस्त्यावरून एक लांबलचक ट्रक गेला.

"आईला माहीत होतं हे?" हरीशनं विचारलं.

"होतं. तिच्याशीच तर बोलायचो. रोज बोलायचो."

"मग ती मला कधी बोलली कशी नाही? दर रविवारी फोन व्हायचा आमचा. मी तिला विचारायचो, बाबा काय म्हणतात माझ्याबद्दल? ती विषय बदलायची. मला वाटायचं, सांगण्यासारखं काही नसेल, म्हणून बदलते."

जनार्दनांनी मान वळवून पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. खोटं बोलता आलं असतं. आई विसरली असेल, तिला सुचलं नसेल, असं काहीही. ती बिचारी काही सांगायला येणार नव्हती.

"मीच तिला सांगू दिलं नाही," ते म्हणाले. "तुझ्या डोक्यात हवा जाईल म्हणून. शपथ घातली होती तिला."

"शेवटपर्यंत?"

"शेवटच्या आठवड्यात तू खाली औषधं आणायला गेला होतास. तिनं मला विचारलं, अहो, आता तरी सांगू का त्याला? मी म्हटलं, नको."

हरीशनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, त्यांवर कपाळ टेकलं आणि तो रडायला लागला. शोरूमच्या काचेतून दोन-चार माणसं बघत होती. जनार्दनांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्यांनी काढला नाही.